पुनवेला जागतो, तसे अवसेलाही जागू या

मुख्याध्यापिकेचे मनोगत



आपल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील माणसांना रात्र कशी जागवावी हे कोणी शिकवायला नको. कोजागिरीला पेडण्याची पुनव असते, तेव्हा देवळासमोर माणसांचा पूर लोटतो. होळीच्या वेळी साळच्या गड्यांसाठी लांबलांबून लोक येतात. जत्रेतला दशावतार उत्तररात्रीपर्यंत चालतो आणि लहान मुलेही आईच्या मांडीवर डुलक्या घेत तो पाहतात. पुनव असो की होळी, या रात्री चांदण्याच्या. महाशिवरात्रीची रात्र मात्र काळोखी असते, चंद्र अगदी पहाटे उगवतो. पण त्या रात्री आपले लक्ष गाभाऱ्याकडे असते, वर आभाळाकडे नसते.

माझे म्हणणे एवढेच की, वर्षातून एक अमावास्येची रात्र आपण आकाशासाठी जागवावी. शाळेने पुढाकार घेऊन दरवर्षी एक आकाशदर्शन मेळावा भरवावा आणि त्याला गोव्यातील, तसेच सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूर भागातील हौशी आकाशनिरीक्षकांना आपापल्या दुर्बिणी घेऊन बोलवावे.

काही पालक म्हणतील, शाळेत तारे दाखवण्याचा कार्यक्रम होतोच की! होतो, आणि तो किती अपुरा पडतो हेही आपण पाहिले आहे. मागे शाळेच्या मैदानावर दोन तासांचे आकाशदर्शन ठेवले होते. जवळच्याच एका आवारातला फ्लडलाइट विनंती करूनही बंद झाला नाही. दोनशे मुले एका दुर्बिणीपुढे रांगेत उभी राहिली आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा मिनिट आला. कृत्तिकांचा पुंजका म्हणून बोट दाखवले, तर निम्म्या मुलांना त्यात चारच तारे दिसले. घरी जाताना सहावीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, पुस्तकातले आकाश जास्त चांगले दिसते.” ती खोटे बोलत नव्हती. तिला खरे आकाश आपण दाखवलेच नव्हते.

माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या पुस्तकात ज्याला ‘क्षुद्रग्रह’ म्हणत, त्याला मराठीत ‘लघुग्रह’ म्हणतात हे मला इथे शिकवायला लागल्यावर कळले. पण रोहिणी, मघा, चित्रा, स्वाती ही नावे मला नव्याने शिकावी लागली नाहीत. ती दोन्हीकडे एकच आहेत. नावे आपल्या घरातली आहेत, तारे मात्र अनोळखी झाले आहेत. मृगाचे उदाहरण घ्या. जूनच्या सात-आठ तारखेला मृग लागतो आणि शेतकरी पावसाची वाट पाहू लागतो, हे इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. पण ‘मृग लागला’ म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला. साहजिकच त्या दिवसांत मृगाचे तारे सूर्याबरोबरच उगवतात, मावळतात आणि दिसत नाहीत. ज्या नक्षत्राच्या नावाने आपण पेरणी करतो, ते नीट पाहायचे तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्रीच पाहावे लागते. ते पाहिलेली मुले आपल्या वर्गात किती निघतील?

असा मेळावा ही काही नवी कल्पना नाही. अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचे कारखान्यांचे गाव आहे. तेथे रसेल पोर्टर यांनी यंत्रकारखान्यातील कामगारांना दुर्बिणीचे आरसे घासायला शिकवले. त्या मंडळींनी गावाबाहेरच्या टेकडीवर १९२६ साली हौशी निरीक्षकांचा मेळावा भरवला आणि ती परंपरा पुढे चालत राहिली. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ मध्ये स्थापन झाली. मुंबईचे खगोल मंडळ कर्जत मार्गावरील वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम घेत आले आहे. लडाखमधील हानले येथे भारतीय खगोलभौतिकी संस्था २०२३ पासून हौशी निरीक्षकांचा मेळावा भरवू लागली. तेथे आसपासच्या गावांतील स्त्री-पुरुषांनाच दुर्बिणी चालवायला शिकवून पाहुण्यांना आकाश दाखवण्याचे काम दिले गेले.

आपला गोवाही मागे नव्हता. पर्सिव्हल नरोन्हा यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये ‘असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी’ ही संस्था सुरू झाली. पुढे पणजीत जुन्ता हाऊसच्या गच्चीवर सार्वजनिक वेधशाळा उभी राहिली आणि शनीची कडी अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा तेथून पाहिली. नरोन्हा २०१९ मध्ये गेले, पण त्यांनी लावलेली ही आवड टिकून आहे. शहरात जे गच्चीवर होऊ शकले, ते आपल्याकडे सड्यावर अधिक चांगले होऊ शकते, कारण काळोख अजून आपल्याकडे शिल्लक आहे.

‘अजून’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या सड्यावरून विमाने उडू लागली. रोजगार आला, रस्ते आले, आणि रात्रीचा उजेडही आला. मोरजी, मांद्रे, हरमलची किनारपट्टी तर पर्यटनाच्या मोसमात उशिरापर्यंत झगमगत असते. मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. त्यांची पिल्ले बाहेर पडल्यावर उजेडाच्या दिशेने समुद्र शोधतात आणि किनाऱ्यावरचे दिवे त्यांना चुकीची वाट दाखवतात. म्हणजे काळोखाची गरज फक्त तारे बघणाऱ्यांना आहे असे नाही. विकास नको असे मी म्हणत नाही. दिव्याचा उजेड खाली रस्त्यावर पडावा, आभाळात जाऊ नये, एवढेच म्हणते. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, त्याआधी तेथील गावांतले दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवण्यात आले. हे खेड्यांत झाले आहे, तेव्हा ते आपल्यालाही अशक्य नाही.

आता मेळाव्याचे स्वरूप सांगते. पौषातील अमावास्येच्या लगतचा शनिवार सोयीचा पडेल. त्या सुमारास आकाश बहुधा निरभ्र असते आणि दहावीची परीक्षा थोडी दूर असते. जागा म्हणून डिचोलीच्या उत्तरेकडील साळ, मेणकुरे, लाटंबार्से या बाजूचे एखादे मोकळे पठार पाहता येईल. पेडण्यातही किनारा आणि विमानतळ यांपासून दूर अशी जागा शोधता येईल.

रात्रीचे वेळापत्रक तर आकाशानेच आखून दिलेले आहे. संध्याकाळी पश्चिमेला देवयानी दीर्घिका. तिचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे पंचवीस लाख वर्षे लागतात. नऊ-दहाच्या सुमारास डोक्यावर मृग. त्यातील तेजोमेघातून आज डोळ्यांत येणारा प्रकाश निघाला, तेव्हा बदामीला चालुक्यांचे राज्य होते. दक्षिणेला अगस्त्य, मध्यरात्रीनंतर सिंहेतील मघा, पहाटे चारच्या सुमारास दक्षिण क्षितिजावर त्रिशंकू. लंडनच्या निरीक्षकाला घरून त्रिशंकू कधीच दिसत नाही, आपल्याला दिसतो. उत्तरेला ध्रुव आहेच. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून दीड मुठीवर दिसतो, कारण आपला अक्षांश साडेपंधरा अंशांच्या आसपास आहे. एकही पैसा खर्च न करता मुलाने आपल्या गावाचा अक्षांश मोजला, यापेक्षा चांगला भूगोलाचा तास कोणता?

मेळाव्यात भाषणे कमी असावीत. सत्कार, हारतुरे, दीपप्रज्वलन तर नकोच, कारण काळोखाला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका झगमगाटाने ती वाया जातात. बॅटरीला लाल कागद बांधावा आणि मोबाइल पिशवीत ठेवावा. आठवी ते दहावीच्या मुलांनी रात्रभर थांबावे, लहान वर्गांनी दहा वाजता पालकांबरोबर घरी जावे.

हे दरवर्षी का, एकदाच का नको? कारण आकाश एका रात्रीत कळत नाही. गुरू दरवर्षी साधारण एक रास पुढे सरकतो. पाचवीपासून दहावीपर्यंत जो मुलगा दर जानेवारीत त्याला पाहील, त्याला ग्रहाची गती पाठ करावी लागणार नाही. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये आपल्याला कडेवरून, म्हणजे जवळजवळ नाहीशी झाल्यासारखी होती. आता ती वर्षागणिक उघडत जाऊन २०३२ च्या सुमारास सर्वात रुंद दिसतील. हा बदल पाहायचा तर पुन्हा पुन्हा यावे लागेल. आणि पुन्हा पुन्हा येणारी माणसे एकमेकांना ओळखू लागतात. नववीतली मुलगी पुढच्या वर्षी सहावीतल्या मुलाला मृग दाखवते, त्यातूनच शाळेत आवड रुजते.

आक्षेप येतील, ते आधीच विचारात घेऊ. अमावास्येच्या रात्री मुलांना बाहेर कसे पाठवायचे, असे घरातील वडीलधारी मंडळी विचारतील. त्यांचा मान राखून मी सांगेन की, अमावास्या म्हणजे चंद्र सूर्याच्या दिशेला असण्याची रात्र, एवढेच. मनात भीती असेल तर आजी-आजोबांनीही यावे. पावसाच्या नक्षत्रांबद्दल मुलांना त्यांच्याइतके कोण सांगणार? मुलींना पाठवण्याची चिंता मी समजू शकते. म्हणून शिक्षिका आणि माता पूर्ण वेळ हजर असल्याशिवाय मेळावा होऊ नये. पायात बूट, अंगावर कांबळ, जवळ प्रथमोपचार पेटी आणि एक गाडी तयार, हे नियम राहतीलच. मुली मात्र घरी आणि मुलगे तेवढे आकाश पाहणार, अशी वाटणी आपल्या शाळेत होता कामा नये.

खर्चाचे म्हणाल, तर महागडी दुर्बीण घेण्याची घाई नको. आकाश आधी नुसत्या डोळ्यांनी, मग साध्या द्विनेत्रीने पाहावे. दुर्बिणी पाहुणे आणतील. पुढे आरसा घासून दुर्बीण बनवण्याची कार्यशाळा घेता येईल. खाणींच्या वर्कशॉपमध्ये हात तयार झालेले कितीतरी पालक डिचोलीत आहेत. स्प्रिंगफील्डच्या कामगारांना जमले ते त्यांना का जमू नये? चहा, भाजी-पाव आणि पहाटेची पेज यांची जबाबदारी पालक-शिक्षक संघ आनंदाने उचलेल अशी खात्री वाटते.

विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे की, हा विषय येत्या बैठकीत घ्यावा आणि पहिल्या तीन वर्षांसाठी मान्यता द्यावी. एका वर्षावरून या कामाची पारख करू नये. ढग आले तर पहिले वर्ष कोरडेही जाऊ शकेल. पालकांनी आपली संमती आणि सूचना वर्गशिक्षकांकडे लेखी द्याव्यात. ज्या गावात मेळावा ठरेल, तेथील पंचायतीला आपण सर्वांनी मिळून भेटू आणि एका रात्रीसाठी मैदानाच्या बाजूचे दिवे मालवण्याची विनंती करू.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही तोवर एक काम करा. आज रात्री जेवण झाल्यावर अंगणात या, घरातला दिवा बंद करा, वीस मिनिटे थांबा आणि किती तारे दिसतात ते मोजून वहीत तारखेसह लिहा. मेळाव्याला येताना ती वही बरोबर आणा.