दोन डोळ्यांचा बडेजाव

माणसाला दोन डोळे आहेत म्हणून त्याला जग त्रिमित दिसते, असे शाळेपासून मनावर बिंबवलेले असते. पुरावाही हाताशी असतो: एक डोळा मिटा आणि सुईत दोरा ओवून दाखवा! हाच न्याय मग यंत्रांनाही लावला जातो. एका कॅमेऱ्याला दिसते ते सपाट चित्र. खोली हवी असेल तर दुसरा कॅमेरा बसवा.

या पूर्वपक्षाला क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडी यांनी बॅटनेच उत्तर दिले आहे. जुलै १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या होव्ह इथे मोटार अपघातात काच घुसून त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. त्याच वर्षी डिसेंबरात ते इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी खेळले आणि १९६४ मध्ये दिल्लीत त्याच संघाविरुद्ध त्यांनी नाबाद २०३ धावा केल्या. गंमत म्हणजे अपघातानंतर जगमधले पाणी ग्लासात पडण्याऐवजी टेबलावर सांडे, सिगारेट पेटवताना ज्योत टोकाला लागत नसे. हातभर अंतरावर फसगत, आणि बावीस यार्डांवरून येणारा चेंडू मात्र सीमापार!

यात विसंगती काहीच नाही. दोन डोळ्यांमध्ये अंतर असते जेमतेम साडेसहा सेंटिमीटर. त्यामुळे दोन्ही प्रतिमांत पडणारा फरक जवळच्या वस्तूंबाबत ठळक असतो, पण लांब जावे तसा तो झपाट्याने विरतो. चेंडूची गोष्ट निराळी. तो जवळ येताना त्याची प्रतिमा फुगत जाते, आणि ती किती वेगाने फुगते यावरून तो कधी पोचणार हे एका डोळ्यालाही उमगते. सावल्या, एका वस्तूने दुसरीला झाकणे, ओळखीच्या वस्तूचे ठाऊक असलेले आकारमान, मान हलवली की जवळचे जास्त आणि दूरचे कमी सरकणे, हे सगळे साक्षीदार एकाक्षालाही उपलब्ध असतात.

दोन डोळ्यांची साक्ष खोटी आहे, असे मात्र नव्हे. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये दोन आरसे आणि दोन सपाट चित्रे घेऊन डोळ्यांसमोर खोली उभी केली. पुढे बेला युलेश यांनी नुसत्या विस्कळीत ठिपक्यांच्या जोडचित्रांतून, ज्यात एकेका डोळ्याला काहीही आकार दिसत नाही, तरंगता चौकोन दाखवला. म्हणजे ही साक्ष एकटीही पुरते. पण पुरेसे असणे वेगळे आणि अपरिहार्य असणे वेगळे.

इथवरचे खंडन ऐकून दुसरीच मंडळी खूश होतात. माणूस केवळ नजरेवर गाडी हाकतो, मग यंत्रालाही कॅमेरे पुरेत, हा त्यांचा दावा. टेस्लाने २०२१ पासून नव्या गाड्यांतून रडार काढायला सुरुवात केली ती याच बळावर. आता यांचाही समाचार घ्यायला हवा. खोली नजरेला आयती मिळत नाही, ती खुणांवरून ताडावी लागते. खुणाच नसतील तर ताडणार काय? २८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचे विमान अंटार्क्टिकात माउंट एरेबसवर आदळले आणि २५७ जण दगावले. वैमानिकांना न कळवता मार्गाचे निर्देशांक बदलले गेले होते, हे चौकशी आयोगाने नोंदवले. पण वर पांढरे ढग आणि पुढे पांढरा उतार एकजीव झाल्याने समोरचा पर्वत डोळ्यांना दिसलाच नाही.

यंत्राचीही तीच गत. मंगळावरच्या 'इंजेन्युइटी' हेलिकॉप्टरला उंची मोजायला लेझर होता, आडवा वेग मात्र ते जमिनीकडे रोखलेल्या एकाच कॅमेऱ्यातून ताडत असे. खडे-दगड दिसत होते तोवर हे उत्तम चालले. पाच उड्डाणांसाठी बनवलेले यंत्र बहात्तर वेळा उडाले. जानेवारी २०२४ मध्ये खाली नुसत्या वाळूच्या लाटा आल्या, वेगाचा अंदाज चुकला आणि उतरताना पाती मोडली.

माणसाला लेझर किंवा रडार फुटलेले नाही, ही त्याची मर्यादा. ती यंत्राने आदर्श म्हणून का मिरवावी? वेमोच्या चालकविरहित गाड्या कॅमेरा, लेझरने अंतर मोजणारा लिडार आणि रडार तिन्ही बाळगतात, कारण दाट धुक्यात लेझरही विखुरतो, तिथे रडार कामी येते. लिडार महाग पडतो, हा आक्षेप रास्त आहे; पण तो जमाखर्चाचा आक्षेप आहे, त्याला दृष्टिशास्त्राचा टिळा लावायचे कारण नाही. आणि चांद्रयानासारख्या मोहिमेत तर किलोकिलोचा हिशेब असतो. तरीही २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या 'विक्रम'वर इस्रोने कॅमेऱ्यांच्या जोडीला लेझर आणि रडार असे दोन्ही प्रकारचे उंचीमापक चढवले होते.