तलाव, फरश्या आणि चार रिकामे कोपरे



गेल्या आठवड्यात माझ्या लेकीची, सातवीतली, गणिताची वही तपासून आली. गणित असं होतं : पोहण्याचा तलाव १० मीटर लांब, ६ मीटर रुंद. त्याच्याभोवती १ मीटरच्या चौरस फरश्यांची एक ओळ लावायची आहे. किती फरश्या लागतील? तिचं उत्तर ३६. पुस्तकातलंही ३६. तरी लाल शाईत शेरा होता, ‘रीत चुकली’, आणि गुण शून्य.

वर्गात शिकवलेली रीत म्हणजे लांबीची दुप्पट, अधिक रुंदीची दुप्पट, अधिक ४. लेकीने तसं केलंच नव्हतं. तिने फरश्यांसकट सगळी जागा धरली, १२ गुणिले ८, म्हणजे ९६. त्यातून पाण्याचे ६० वजा केले. उरले ३६.

मी कणीक मळत होते. मान वर न करता म्हणाले, “बाईंनी सांगितलं तसं लिहायचं. उगाच वाद कशाला?” ती गप्प बसली. झोपताना मात्र हळूच विचारलं, “मम्मी, माझं उत्तर बरोबर होतं, मग माझं चुकलं काय?”

मला उत्तर देता येईना. उठून चौकटीचा कागद घेतला, मधे तलाव आखला आणि डब्यातले शेंगदाणे घेऊन बसले. एक शेंगदाणा म्हणजे एक फरशी. मी भराभर लावले, वर १०, खाली १०, बाजूंना ६ आणि ६. झाले ३२! लेक हसली, “मम्मी, कोपरे बघ.” चारही कोपरे रिकामे होते.

मग मी दुसऱ्या तऱ्हेने लावलं. वरची-खालची ओळ कोपऱ्यांसकट १२-१२, बाजूंना ६-६. ३६ झाले. तेवढ्यात हेही येऊन बसले. ह्यांनी प्रत्येक बाजूला एकच कोपरा देत गोल फिरत मांडलं : ११, ७, ११, ७. पुन्हा ३६. लेकीची वजाबाकीही ३६. वाटा वेगळ्या, फरश्या त्याच.

पाठशाळेत आपण मुलांना अनेकांत शिकवतो. हत्तीची गोष्ट सांगतो, मुलं पाठ म्हणून दाखवतात, आपण कौतुक करतो. आणि घरी तीच मुलगी वेगळ्या बाजूने बघून बरोबर उत्तर काढते, तेव्हा आपणच म्हणतो, सांगितलं तसं लिही. मला माझीच लाज वाटली.

पण अनेकांत म्हणजे ‘तुझंही बरोबर, माझंही बरोबर, जाऊ दे’ असंही नाही. माझ्या ३२ चं काय? पाण्याला ज्यांची पूर्ण कड लागते अशा फरश्या किती, असं कोणी विचारलं तर ३२ हेच उत्तर खरं, कारण कोपऱ्यातली फरशी पाण्याला फक्त टोकाने टेकते. पण प्रश्न सगळ्या ओळीचा होता. ३२ फरश्या घेऊन गवंड्याकडे गेले असते तर कोपरे उघडेच राहिले असते. ‘स्यात्’ म्हणजे हेच. कोणत्या अपेक्षेने बोलतो आहोत ते आधी सांगायचं, मगच बरोबर की चूक ते ठरवायचं.

दुसऱ्या दिवशी लेकीनेच पुढचा प्रश्न काढला. फरशी अर्ध्या मीटरची असेल आणि पट्टा मात्र १ मीटर रुंद हवा असेल तर? वर्गातली रीत जशीच्या तशी वापरली तर २० ची दुप्पट, १२ ची दुप्पट, अधिक ४, म्हणजे ६८. पण ही एकच ओळ झाली, पट्टा अर्धाच भरला. तिची रीत इथेही चालली : २४ गुणिले १६ म्हणजे ३८४, वजा पाण्याचे २४०, उरले १४४. शून्य मिळालेली रीतच जास्त लांब पोचली!

आपल्या महावीराचार्यांनी नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. गणित कुठे कुठे उपयोगी पडतं हे सांगताना त्यांनी स्वयंपाकाचं शास्त्रही त्यात धरलं आहे. तेव्हा कणीक मळणाऱ्या हातांनी ‘गणित माझं काम नाही’ म्हणायला जागा नाही.

पालकसभेत बाईंना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, एवढ्या वह्या तपासायच्या, एकच रीत असली की सोपं पडतं. त्यांची अडचण मला कळते. पण मुलीने विचार केला, त्याला शून्य देणं मला आजही पटत नाही. गुण काही बदलला नाही.

माझं ‘सांगितलं तसं लिही’ हे वाक्य मात्र माझ्या हातात आहे. ते मी सोडायचं ठरवलं आहे. आता आधी विचारते, “तू कसं केलंस, दाखव बरं.” तुम्हीही एकदा विचारून बघा. शेंगदाणे जवळ ठेवा, आणि कोपरे विसरू नका.