दोष पायात की पायरीत?

'मॉडेल' म्हटलं की आपल्याला आठवतं ते प्रोजेक्ट एक्झिबिशनचं, सबमिशनच्या आदल्या रात्री फेव्हिकॉलने चिकटवलेलं! पण अपंगत्वाकडे बघण्याचीही मॉडेल्स आहेत. प्रश्न एकच, दोष नेमका कुठे आहे? उत्तरं मात्र वेगवेगळी.

पहिलं मॉडेल दयेचं. 'गेल्या जन्मीचे भोग' म्हणणारी आजी आणि नाताळात अपंग मुलांना खाऊ वाटायला नेणाऱ्या आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर, दोघींची माया खरी. पण यात समोरचा कायम घेणाराच राहतो. दुसरं मेडिकल मॉडेल : दोष शरीरात, उपाय डॉक्टरांकडे. तिसरं सोशल मॉडेल. ते १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनीच मांडलं. त्यांचं म्हणणं, पाय न चालणं ही शरीराची उणीव. पण लायब्ररी वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, हे समाजाने लादलेलं अपंगत्व! चौथं मॉडेल हक्कांचं. आपल्या २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारचं अपंगत्व मान्य केलं आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या.

आता आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. पेठ नाक्यावर आपण सगळेच एसटीतून उतरतो. त्याच पेठचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि पाय अधू झाले. डॉक्टरांनी जीव वाचवला, उपचार म्हणून पोहणं सुरू झालं. म्हणजे मेडिकल मॉडेल टाकाऊ नाहीच. पण १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा पाय बरे झाले नव्हते. बदलली होती ती शर्यत! तिचे नियम त्यांच्यासारख्या शरीरांचा विचार करून बनवले होते, आणि पाण्यात पायऱ्या नसतात.

त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, ४६ वर्षांनी. २०२४ मध्ये त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' आला, आपण शिट्ट्याही मारल्या. मला भीती वाटते ती या शिट्ट्यांच्या मॉडेलची! 'बघ, तो जिंकला, मग बाकीच्यांना काय झालं?' असं म्हटलं की आपली जबाबदारी संपते. म्हणजे हॉस्टेलमध्ये जागा मिळवायला आधी सुवर्णपदक आणायचं का?

सोशल मॉडेललाही मर्यादा आहेत. रॅम्प बांधला म्हणून पाठीतली कळ थांबत नाही. तरीही माझं मत स्पष्ट आहे : इंजिनिअरने सुरुवात याच मॉडेलपासून करावी, कारण यातली चूक ड्रॉइंग शीटवर होते आणि तिथेच दुरुस्त होते.

हिशोब सोपा आहे. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर उंची. १:१२ उताराने रॅम्प लागतो ५.४ मीटर. एवढी जागा आपण बाईक लावायला सहज काढतो! सिव्हिलवाल्यांनो, या सेमिस्टरला टेप घेऊन मेस, बाथरूम, लॅब, ऑफिस मोजा आणि तो नकाशा प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा. मेकॅनिकलवाले वेल्डिंगला येतीलच.

पाय बरे करणं आपल्या सिलॅबसमध्ये नाही. पायरी मात्र आहे!