झाडाखालचं गवत उपटू नका

पहिले चार पाऊस झाले की शाळेच्या आवारातल्या आंब्याखाली जाऊन बघा. बहुतेक ठिकाणी तुडवून घट्ट झालेली उघडी माती दिसेल, नाहीतर पेव्हर ब्लॉक. "सावलीत काही येतच नाही," असं आपण म्हणतो. आमच्याकडे हरळीचं लॉन दोनदा लावलं, दोनदा गेलं. जाणारच! हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वा, हे उन्हातलं गवत. ते आपण सावलीत लावलं, तर दोष आंब्याचा कसा?

सावलीतलं गवतही आपल्याकडे आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या झाडीत शिरलात तर पायाखाली हेच असतं. पानं आखूड, भाल्याच्या पात्यासारखी, कडा लाटांसारख्या. खोड जमिनीवर सरपटतं आणि पेरापेराला मुळं धरतं. शास्त्रीय नाव ऑप्लिस्मेनस बर्मनी. उंची गुडघ्याच्या खालीच. आपण मात्र त्याला 'तण' म्हणून श्रमदानाच्या तासाला मुलांकडून उपटून घेतो. माझा आक्षेप आहे तो याला.

लावायचं कसं? जून-जुलैत घराजवळच्या पडीक जागेतून पेरांसकट काड्या आणा (राखीव जंगलातून नको) आणि वीतभर अंतरावर टोचा. बुंध्याजवळ खोल खणू नका, मुळं दुखावतात. पडलेला पाला सगळा झाडून जाळू नका, पातळ थर राहू द्या. पाऊस संपला की हे गवत सुकतं. तेव्हा 'मेलं' म्हणून काढून टाकलंत तर पुढच्या वर्षीचं बी गेलं. बी खाली पडू द्या, जूनमध्ये आपोआप उगवेल.

आता पाठाचं बघा. आघाड्याची फळं टोकदार म्हणून कपड्यात अडकतात. या गवताची कुसळंही मोज्यांना अडकतात. बीजप्रसार शिकवायला दुसरं साहित्य कशाला? मातीची धूप शिकवायची असेल तर दोन ट्रे घ्या, एकात गवतासकट माती, दुसऱ्यात नुसती. दोन्ही सारखेच तिरके ठेवून झारीने पाणी घाला आणि खाली आलेलं पाणी दोन काचेच्या ग्लासात धरा. रंग बघून मुलं स्वतःच बोलू लागतात.

पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो : "गवत म्हणजे साप, मॅडम." काळजी रास्त आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. वर्गाकडे जाणारी वाट आणि खेळाची जागा मोकळीच ठेवा. पण कोपऱ्यातला विटांचा ढीग, मोडकी बाकं, खिचडीच्या खरकट्यावर येणारे उंदीर, हे आधी हटवा. साप तिथे आधी येतो. ते सगळं तसंच ठेवून आंब्याखालची दहा-बारा फूट हिरवळ तेवढी उपटायची, हे मला पटत नाही.

यंदा श्रमदानाच्या यादीतून 'गवत काढणे' खोडून मी 'विटा हलवणे' लिहिलंय. मुख्याध्यापकांची सही अजून बाकी आहे.