खांद्यावरचा तारा

शिरोळ तालुक्यातले सैनिक टाकळी नावातच आपली ओळख सांगते. फौजेत कुणीच नाही असे गाव आपल्या जिल्ह्यात शोधावेच लागेल. तरीही दंडावरच्या तीन फिती उतरवून खांद्यावर नायब सुभेदारकीचा तारा घ्यावा की नाही, हा पेच प्रत्येक घराला नव्यानेच पडतो.

माझ्या ओळखीचे एक हवालदार कोल्हापूरच्या सैन्यभरती कार्यालयात नेमणुकीवर होते. कैक वर्षांनी घरचे जेवण, मुलीची दहावी, दारातली म्हैस. आता बढतीची पाळी आली. म्हणजे पुन्हा पलटण, पुन्हा सरहद्द. "नकार लिहून द्यावा म्हणतोय, काका."

मी बँकेतला माणूस. बदली नको म्हणून अधिकारीपद नाकारणारे कितीतरी कारकून पाहिले, त्यांना कधी दोष दिला नाही. (माझ्या बदल्या निभावल्या त्या आमच्या सौ.नी.) कागदावरचा हिशेब सोपा आहे : नोकरी लांबते, पेन्शन वाढते. पण भरतीच्या मैदानावर १.६ किलोमीटर धावणाऱ्या पोरांना 'या' म्हणणारे हेच हवालदार. २०२२ च्या अग्निपथ योजनेत ही पोरे चार वर्षांसाठी जातात. त्यांतली फार तर २५ टक्के कायम व्हायची. त्यांचे घर, त्यांची बोली जाणणारा सुभेदार पलटणीत नको? तरुण साहेब आणि जवान यांच्यामधला दुवा तोच असतो.

म्हणून मी म्हणालो, "तारा घ्या. पण आधी सूनबाईंना विचारा."

ते गप्प झाले. अजून विचारलेच नव्हते.