पहिली दुर्बीण हाताची की मोटरची?

पेण तालुक्यातल्या जिते गावात जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटीच्या रात्री सुरू होतात. अशाच एका ५ जानेवारीला मी एका घरी पोपटीला गेलो होतो. मागच्या शेतात मडकं लागलं होतं आणि वीस पावलांवर नवी कोरी दुर्बीण उभी होती. घरचे कर्ते गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. नववीतल्या लेकीसाठी त्यांनी दोन हंगामांच्या कमाईतून पैसे साठवून ती घेतली होती. एक बटण दाबलं की दुर्बीण हजारो तारे नि तेजोमेघ आपणहून शोधून दाखवते, असं खोक्यावर लिहिलं होतं.

मुलीने तिपाई लावली, नळीचं तोंड उत्तरेला केलं, हँडसेटमध्ये गाव, वेळ, तारीख भरली. हँडसेटने पहिला तारा निवडला, अल्डेबरान. मोटर घरघरली आणि नळी पश्चिमेला, थेट शेजारच्या आंब्याकडे वळली. आयपीसमध्ये काळोखी पानं. तिने पुन्हा भरलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पडद्यावर ‘अलाइनमेंट फेल’. मडकं उतरलं, सगळे शेंगा सोलायला बसले. ती काही आली नाही. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच फोन झाला होता, त्याने इंग्रजी पुस्तिका वाचायला सांगितलं होतं.

चूक तारखेची होती. तिने आपल्या सवयीने आधी दिवस, मग महिना लिहिला. यंत्राला आधी महिना हवा होता, त्यामुळे ०५/०१ म्हणजे त्याच्या लेखी १ मे. मेच्या पहिल्या रात्री आठ वाजता अल्डेबरान पश्चिमेला मावळतीकडे झुकलेला असतो. जानेवारीत त्याच वेळी तो पूर्वेला चांगला वर चढलेला असतो. हे मला कळलं ते तिच्या आजोबांमुळे. आम्ही हँडसेटशी झटत असताना ते म्हणाले, “कोणता तारा शोधताय?” पुस्तिकेतला नकाशा बघून मी म्हटलं, “रोहिणी.” त्यांनी मान वर केली आणि मृगाच्या वरच्या अंगाला असलेल्या लालसर चांदणीकडे बोट दाखवलं. अल्डेबरान म्हणजे रोहिणी. नळीचं तोंड नेमकं उलट्या दिशेला होतं.

त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. आकाश नव्याने बघू लागणाऱ्या घराने पहिली दुर्बीण कॉम्प्युटरवाली घ्यावी का?

घ्यावी म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे शंभर पट मोठं करून पाहिलेला गुरू दीड-दोन मिनिटांत आयपीसच्या एका कडेने येऊन दुसऱ्या कडेने निघून जातो. शाळेच्या पटांगणात तीस मुलांची रांग लागली असेल, तर दर दुसऱ्या मुलाला दुर्बीण पुन्हा लावून द्यावी लागते. मोटर हे काम गुपचूप करते. पनवेल किंवा नवी मुंबईत इमारतीच्या गच्चीवरून तर मोजकेच तारे दिसतात. तिथे एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर, असं चालत अंधुक तेजोमेघापर्यंत पोचायला वाटच उरत नाही. तिथल्या माणसाने कॉम्प्युटर घेतला तर तो योग्यच. आणि आता अशाही दुर्बिणी आल्या आहेत ज्या आकाशाचा फोटो काढून ताऱ्यांची मांडणी स्वतःच ओळखतात. अलाइनमेंटचा जाच त्यांनी बराच कमी केला आहे.

पण जित्याला अजून अंधार शिल्लक आहे. उत्तरेला पनवेलकडचा उजेड चढतो हे खरं, तरी डोक्यावर पुष्कळ तारे असतात. शेकोटीकडे पाठ करून वीस-पंचवीस मिनिटं थांबलं, की मृगाच्या तीन ताऱ्यांखालचा तेजोमेघ नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखा जाणवतो. इथे वाट शोधायला यंत्र लागत नाही. उलट यंत्रालाच आधी आपल्याकडून दोन तारे ओळखून हवे असतात. नवशिक्याने ज्यासाठी पैसे मोजले, तेच ज्ञान त्याच्याकडे पहिल्या रात्री मागितलं जातं. चुकीचा तारा मध्यभागी आणून ‘ओके’ केलं, की पुढची सगळी रात्र चुकते आणि चूक कुठे झाली हे कळायला मार्ग नसतो. माझ्या मते कॉम्प्युटरवाल्या दुर्बिणीचं खरं दुःख हेच आहे.

त्यात पुस्तिका आपल्या आकाशाची नसते. जित्याहून ध्रुव जेमतेम एकोणीस अंश वर असतो. एखादं झाड किंवा डोंगराची सोंड त्याला सहज झाकते. मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला अगस्तीही जवळजवळ तितकाच वर येतो. युरोपातल्या बहुतेक घरांतून हा तारा कधी दिसतच नाही. आपल्याकडच्या मुलांसाठी तो ओळखीचा पहिला तारा ठरू शकतो. पण यादीत तो कॅनोपस या नावाने दडलेला. व्याध सिरिअस झालेला, ब्रह्महृदय कॅपेला. डेलाइट सेव्हिंग हो की नाही, हा प्रश्नही हँडसेट विचारतो. भारतात उत्तर नेहमी नाही, हे आपल्या मुलांना कोण सांगणार? एका पानाचा मराठी कागद खोक्यात घालणं विकणाऱ्यांना जड नाही, आणि तो मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

पैशांचा हिशेबही बघायला हवा. मोटर आणि सर्किटवर जातात ते पैसे आरशावर घातले, तर १३० मिलिमीटरच्या जागी २०० मिलिमीटरचा आरसा येऊ शकतो, म्हणजे दुपटीहून अधिक प्रकाश. शिवाय कोकणात चार महिने पाऊस. सेलचे पत्रे गंजतात, भिंगावर बुरशी धरते. आरशाला पुन्हा मुलामा देता येतो, जळलेलं सर्किट मात्र खोक्यात घालून दूरच्या शहरात पाठवावं लागतं.

म्हणून माझा कौल असा. अंधार असलेल्या गावात घरची पहिली खरेदी साधी द्विनेत्री, मग हाताने फिरवायची दुर्बीण. मोटरवाली शाळेने किंवा मंडळाने घ्यावी, जिथे रांग लागते आणि जाणता माणूस शेजारी उभा असतो. असा माणूस आपल्याकडे दुर्मीळ नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हेच काम करते आहे, खगोल मंडळाने वांगणीच्या माळावर रात्र रात्र जागून किती जणांना आकाश दाखवलं आहे, आणि आयुकाच्या कार्यशाळांत लोकांनी स्वतःच्या हाताने आरसे घासून दुर्बिणी बनवल्या आहेत.

ज्यांनी आधीच घेतली आहे त्यांनी ती विकू नये. त्या रात्री जेवणानंतर आम्ही मोटरचा नाद सोडला. वडिलांनी क्लच सैल केला आणि नळी दोन्ही हातांत धरली. आखणी करणारा हात तो. केसभर हलवायची सवय त्याला होतीच. मृगाचे तीन तारे, त्याखाली थोडं, आणि थांब. मुलीने डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. नंतर आजोबांना बोलावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दूरच्या मोबाइल टॉवरच्या टोकावर फाइंडर जुळवून घेतला, गवंड्याची पाणसळ मागून तिपाई समतल केली. संध्याकाळी तारीख नीट भरली आणि नळी रोहिणीवर जाऊन थांबली. आता हँडसेटच्या पाठीवर चिकटपट्टी आहे, तिच्याच अक्षरात: आधी महिना. डेलाइट नाही. अल्डेबरान = रोहिणी.