पिकअप कुठे गेला?

आजचा विषय गाडी.

बाबांची मारुती ८०० आहे, २००५ ची. कंपनीने हे मॉडेल २०१४ मध्ये बंद केलं, अमरावतीत आमच्या दारासमोर मात्र ते अजून चालू आहे :) दर पंधरा दिवसांनी बाबा ती घेऊन अकोल्याला आत्याकडे जातात. आत्या एकटी असते, दवाखान्याचं काही ना काही निघतंच. एसटीने जा म्हटलं तर ऐकत नाहीत.

दिवाळीत मी स्वतः चालवली तेव्हा कळलं की प्रकरण गंभीर आहे. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका ट्रकला ओव्हरटेक करायला गेलो, तिसरा गिअर टाकला, पाय तळाला टेकवला, आणि गाडी नुसती ओरडली. पुढे सरकेच ना! बोरगाव मंजूपर्यंत टेंपरेचरचा काटाही लाल पट्टीला टेकला. ही दिवाळीतली गोष्ट. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा काय?

त्यात आता हा रस्ता गाडीपेक्षा फास्ट झालाय. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला हायवेवर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, गिनीज बुकात नोंद आहे. ट्रकसुद्धा मागून हॉर्न मारत येतात. इथे पिकअप ही चैन नाही, सेफ्टी आहे.

ऑफिसातल्या मित्रांचे सल्ले ठरलेले. कोन फिल्टर लाव, फ्री-फ्लो सायलेन्सर टाक. अरे, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, नवं होतं तेव्हा ३७ हॉर्सपॉवरचं! त्याला भोंगा लावला की वेग कानाला जाणवतो, स्पीडोमीटरला नाही. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय. हौस म्हणून वेगळी गाडी ठेवली असेल तर तुमचे पैसे, तुमची मर्जी. पण घरच्या जुन्या गाडीसाठी माझं मत पक्कं आहे: पॉवर वाढवायच्या आधी असलेली पॉवर कुठे गळतेय ते शोधा. मेमरी लीक न शोधता सर्व्हरची रॅम वाढवणाऱ्यांना आपण काय म्हणतो? तेच.

आमच्या मिस्त्रीभाऊंनी एका वाक्यात निकाल लावला. "भाऊ, नवीन पावर कायले पायजे? जे गेली थे तं अगोदर वापस आना!"

बजेट पंचवीस हजार. त्यातले दहा हजार सुरुवातीलाच कागदावर गेले, कारण वीस वर्षांवरच्या कारच्या रजिस्ट्रेशन रिन्युअलची फी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये तेवढी केलीय. उरले पंधरा.

सगळ्यात मोठा चोर निघाला रेडिएटर. आणि चूक आमचीच! बाबा वर्षानुवर्षं वाटेत कुठल्याही बोअरचं पाणी त्यात ओतायचे. आपला भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. त्या पाण्याने बादलीत पांढरा थर बसतो, तो रेडिएटरच्या नळ्यांत बसणार नाही? नळ्या निम्म्या बुजलेल्या. नवा रेडिएटर टाकला, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरलं. त्यातच कळलं की मागे कुणीतरी थर्मोस्टॅटच काढून टाकलाय. आपल्याकडे हा जुना उद्योग, "गर्मी आहे, काय करायचा?" पण तो नसला की इंजिन लवकर तापत नाही, कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून थंड आहे, आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. म्हणजे ॲव्हरेजचा चोरही तोच.

दुसरा चोर ब्रेक. जॅक लावून चाक हाताने फिरवलं तर पुढचं डावं फिरेचना. कॅलिपर अडकलेला. म्हणजे गाडी अर्धा ब्रेक दाबूनच अकोल्याला जात होती! ही तपासणी फुकट आहे, आजच करून बघा.

मग तीन प्लग, एअर फिल्टर, टॅपेट सेटिंग, थ्रॉटलची सफाई. पेट्रोलचे रबरी पाइप बदलले, कारण वीस टक्के इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेजमधला तेवढा तोटा मात्र कुठलाच मिस्त्री भरून देणार नाही.

टायरवरून घरात भांडण झालं. बाबा म्हणाले, "नक्षी तर आहे अजून." टायरवर आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत छापलेलं असतं. आमच्यावर होतं २३१४, म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. रबर पार कडक झालेलं. चारही बदलले आणि बजेट तीन हजारांनी फुटलं. तरी म्हणेन, इंजिनात एक रुपया घालायच्या आधी टायर आणि ब्रेक. पळणारी गाडी थांबायलाही हवी.

गेल्या रविवारी बाबांना शेजारी बसवून अकोल्याला जाऊन आलो. मूर्तिजापूरच्या चढावर गाडीने तिसऱ्यात ट्रक मागे टाकला, काटा मध्यावरच. रॉकेट झालेली नाही, २००५ ला होती तशी झालीय, जवळजवळ. बाबा काही बोलले नाहीत. आत्याकडे पोचल्यावर मात्र डिकीतून बोअरच्या पाण्याचा जुना कॅन काढला आणि तिच्या तुळशीला ओतला.

क्लच अजून बाकी आहे. तो पुढच्या बोनसवर.